मासेमारी बोटीवरील लिथियम बॅटरी : चार्जिंग आणि देखभालीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोटीवर लिथियम बॅटरी बसवू पाहणाऱ्यांचे पहिले प्रश्न बहुधा तिच्या आयुष्याविषयी आणि चार्जिंगला लागणाऱ्या वेळेविषयी असतात, परंतु पाण्यावर प्रत्यक्षात अडचण होते ती वेगळ्याच कारणाने. नेहमीची लेड-ॲसिड (शिसे-आम्ल) बॅटरी उतरू लागली की दिवे मंदावतात, मोटरचा आवाज बदलतो आणि माणूस वेळीच सावध होतो. लिथियम बॅटरी मात्र जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखा व्होल्टेज देत राहते आणि मग तिच्यातील संरक्षक सर्किट क्षणात पुरवठा तोडते. चार्जिंग असो, वायरिंग असो वा हंगाम संपल्यावरची साठवण, खालील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी तिचा हाच स्वभाव आहे. वेगळे सांगितलेले नसेल तिथे आकडे १२ व्होल्टच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचे आहेत. २४ व्होल्टसाठी व्होल्टेजचे आकडे दुप्पट आणि ३६ व्होल्टसाठी तिप्पट धरावेत. उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत निराळा आकडा दिलेला असेल, तर तोच प्रमाण मानावा.

लिथियम बॅटरीचे अनेक प्रकार आहेत. बोटीसाठी कोणता घ्यावा?

बोटीसाठी लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजेच एलएफपी, हाच प्रकार घ्यावा. १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत कोबाल्टचा वापर होता; फोन, लॅपटॉप आणि अनेक विद्युत वाहनांतील बॅटऱ्या आजही कोबाल्ट किंवा निकेलवर आधारलेल्या असतात. लोह आणि फॉस्फेट यांवर आधारलेला पर्याय जॉन गुडइनफ यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. (लिथियम-आयन बॅटरीच्या विकासासाठी गुडइनफ यांना २०१९ मध्ये दोघा शास्त्रज्ञांसमवेत रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.) फॉस्फेटमधील ऑक्सिजन घट्ट बांधलेला असल्यामुळे हा सेल (बॅटरीतील एक सुटा घटक) तापला तरी सहजासहजी ऑक्सिजन सोडत नाही आणि आग स्वतःच स्वतःला पोसण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. तेवढ्याच वजनात तो निकेलच्या सेलपेक्षा कमी ऊर्जा साठवतो हे खरे आहे, पण किनाऱ्यापासून दूर असलेल्या बोटीवर तो तोटा पत्करण्याजोगा आहे.

लेड-ॲसिडच्या तुलनेत प्रत्यक्ष फरक किती पडतो?

१०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत १२.८ गुणिले १०० म्हणजे १,२८० वॅट-तास ऊर्जा असते आणि तिच्यातील ८० ते ९० टक्के भाग निर्धास्तपणे वापरता येतो. तेवढ्याच क्षमतेची लेड-ॲसिड बॅटरी टिकवायची असेल, तर निम्म्याच्या खाली उतरवू नये असा दंडक आहे; शिवाय तिच्यातून मोठा प्रवाह ओढला की मिळणारी एकूण क्षमताच घटते. वजनाचे पाहिले, तर लिथियम बॅटरी साधारण ११ ते १३ किलोची आणि बंद प्रकारची लेड-ॲसिड बॅटरी २८ ते ३० किलोची भरते.

वजनाच्या या फरकाची दुसरी बाजू मात्र क्वचितच कोणी विचारात घेतो. बोटीच्या पुढच्या किंवा मागच्या टोकाकडे ठेवलेल्या तीन बॅटऱ्या बदलल्या की त्या टोकावरचे सुमारे ५० किलो वजन एकदम उतरते आणि लहान बोटीचा पाण्यातील तोल बदलतो. बॅटऱ्या बदलल्यावर पहिली फेरी शांत पाण्यात, नेहमीचा सगळा सरंजाम बोटीत घेऊन करावी आणि गरज वाटल्यास सामानाच्या जागा बदलाव्यात.

क्षमता किती लागेल, याचा हिशेब कसा करावा?

प्रत्येक उपकरण किती अँपिअर घेते आणि दिवसात किती तास चालते, यांचा गुणाकार करून बेरीज करावी आणि तिच्यावर किमान २० टक्के राखीव ठेवावे. फिशफाइंडर, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारा सोनार, पडद्याच्या आकारानुसार १ ते ३ अँपिअर घेतो, मासे जिवंत ठेवण्याच्या टाकीचा पंप २ ते ४ अँपिअर घेतो आणि एलईडी दिवे अगदी थोडी वीज खातात. इतर बोटींशी व किनाऱ्याशी बोलण्याचा २५ वॅटचा व्हीएचएफ रेडिओ बोलताना ५ ते ६ अँपिअर ओढतो, पण नुसता ऐकत असताना अर्ध्या अँपिअरच्या आसपासच राहतो.

खरा खप असतो तो मोटरीचा. ५५ पौंड जोराची १२ व्होल्टची ट्रोलिंग मोटर, म्हणजे बोट हळू चालवणारी लहान विद्युत मोटर, पूर्ण वेगाला सुमारे ५० अँपिअर घेते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी दोन तासांत संपते. तथापि पाण्यात वेग वाढवण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढत असल्याने, वेग थोडासा उतरवला तरी बॅटरी कितीतरी जास्त तास पुरते. ही बचत इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असलेल्या मोटरीत पुरेपूर मिळते. पाच टप्प्यांचा स्विच असलेल्या जुन्या मोटरीत वेग कमी करताना वाचलेली काही वीज रेझिस्टन्स कॉइलमध्ये उष्णता होऊन वाया जाते.

जाळे किंवा नांगर ओढणाऱ्या विद्युत विंचचा हिशेब वेगळा मांडावा, कारण तिथे क्षमतेपेक्षा प्रवाहाची मर्यादा आड येते. १,५०० वॅटची विंच १२ व्होल्टवर सुमारे १२० अँपिअर घेते आणि सुरू होतानाचा झटका त्याहून मोठा असतो. बॅटरी पूर्ण भरलेली असली, तरी तिचे संरक्षक सर्किट १०० अँपिअरचे असेल तर ऐन जाळे वर येत असताना ते पुरवठा तोडेल.

बीएमएस म्हणजे काय, आणि तो असल्यावर वेगळी काळजी कशाला?

बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजेच बीएमएस, हे बॅटरीच्या पेटीतच बसवलेले, वर उल्लेखलेले संरक्षक सर्किट असते. बॅटरीतील चारही सेलचा व्होल्टेज, एकूण प्रवाह आणि तापमान यांवर ते लक्ष ठेवते. एखादा सेल ३.६५ व्होल्टच्या वर गेला, २.५ व्होल्टच्या आसपास उतरला, प्रवाह मर्यादेबाहेर गेला किंवा बॅटरी फार तापली अथवा गारठली, तर ते चार्जिंग किंवा पुरवठा बंद करते. सेलमधील लहानसहान फरक भरून काढण्याचे, म्हणजे बॅलन्सिंगचे कामही तेच करते.

ही यंत्रणा शेवटची तटबंदी आहे, रोजच्या कारभाराचे साधन नव्हे. बॅटरी ‘बीएमएस तोडेल तोवर’ वापरण्याची सवय पुष्कळ जणांना असते आणि ती दोन कारणांनी वाईट आहे. एक तर दर वेळी सर्वात दुबळा सेल टोकापर्यंत उतरतो आणि त्याचे आयुष्य घटते. दुसरे म्हणजे बीएमएसला आपण बोटीवर आहोत हे ठाऊक नसते. त्याचे कर्तव्य सेल वाचवणे एवढेच आहे. रात्री वाहतुकीच्या मार्गात असताना तो दिवे, रेडिओ आणि दिशादर्शक एकाच वेळी बंद करील आणि त्याच्या नियमाप्रमाणे ते अगदी योग्य असेल.

म्हणून दोन गोष्टी करणे आवश्यक आहे. दिशादर्शक दिवे, व्हीएचएफ रेडिओ आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी, म्हणजे बिल्जमध्ये, साचलेले पाणी उपसणारा पंप) यांना निराळ्या बॅटरीवरून, निदान स्विच फिरवताच सुरू होणाऱ्या पर्यायी बॅटरीवरून, पुरवठा असावा. तसेच बीएमएस तोडण्याच्या बराच आधी, म्हणजे साधारण १२.८ व्होल्टवर किंवा २० टक्के शिल्लक असताना, वाजणारा इशारा बसवावा. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या २०२२ मधील ई-१३ या मानकातही पुरवठा तुटण्यापूर्वी बोट चालवणाऱ्याला दिसेल किंवा ऐकू येईल असा इशारा मिळावा अशी अपेक्षा आहे.

जुना लेड-ॲसिडचा चार्जर वापरता येईल का?

काही चार्जर चालतात, काही बॅटरीची हानी करतात आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे चार्जरची माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय तो जोडू नये. लिथियम बॅटरीला १४.२ ते १४.४ व्होल्टपर्यंत चार्ज करणे उत्तम, १४.६ ही कमाल मर्यादा आहे आणि रोज तिथवर जाण्याची गरज नाही. बॅटरी भरल्यावर चार्जरने थांबावे किंवा सुमारे १३.५ व्होल्टवर उतरावे.

जुन्या चार्जरमधील तीन गोष्टी त्रासदायक ठरतात. पहिली म्हणजे प्लेटांवर साचलेले सल्फेट झाडण्यासाठी किंवा सेल समपातळीवर आणण्यासाठी दिला जाणारा १५ ते १६ व्होल्टचा टप्पा. तो बंद करता येत नसेल तर तो चार्जर लिथियमला लावूच नये. दुसरी म्हणजे थंडीत व्होल्टेज आपोआप वाढवणारी तापमान-भरपाई, जी लेड-ॲसिडला हवी असते पण लिथियमला नको असते. तिसरी म्हणजे जोडल्याबरोबर बॅटरीचा व्होल्टेज तपासून, तो शून्य दिसल्यास चार्जिंगच सुरू न करण्याची पद्धत. बीएमएसने तोडलेल्या बॅटरीला असा चार्जर ‘मेलेली’ समजतो.

किती अँपिअरचा चार्जर घ्यावा?

क्षमतेच्या एक पंचमांश ते निम्मा, म्हणजे १०० अँपिअर-तासांसाठी २० ते ५० अँपिअरचा. २० अँपिअरच्या चार्जरवर २० टक्क्यांपर्यंत उतरलेली बॅटरी साधारण साडेचार तासांत भरते. लेड-ॲसिड बॅटरी शेवटचा पाचवा हिस्सा घेताना जशी तासन्‌तास रेंगाळते, तशी ही रेंगाळत नाही.

दर वेळी १०० टक्के भरावी की अर्धवट ठेवावी?

दुसऱ्या दिवशी बोट बाहेर जाणार असेल तर पूर्ण भरावी. त्याने बिघडत नाही. बॅटरीचे वय वाढवणारी गोष्ट म्हणजे पूर्ण भरलेल्या अवस्थेत, उन्हाने तापलेल्या कप्प्यात, आठवडेच्या आठवडे पडून राहणे. याउलट ती कायम ८० टक्क्यांवरच थांबवणेही बरोबर नाही, कारण बहुतेक बीएमएस सेलचा व्होल्टेज ३.४ च्या वर गेल्यावरच बॅलन्सिंग सुरू करतात. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पूर्ण भरून तासभर चार्जरवर राहू दिली, म्हणजे सेल एका पातळीवर येतात. आयुष्याचे म्हणाल तर चांगल्या एलएफपी बॅटरीला उत्पादक २,००० ते ५,००० चक्रे सांगतात. मासेमारीच्या वापरात चक्रे संपण्याआधी उष्णतेने, गंजाने किंवा ढिल्या जोडणीने बॅटरी जाण्याचीच शक्यता जास्त.

व्होल्टमीटर पाहून किती शिल्लक आहे हे कळते का?

जवळजवळ नाही. विश्रांतीत असलेल्या बॅटरीचा व्होल्टेज ९० टक्क्यांना सुमारे १३.३ आणि ४० टक्क्यांना सुमारे १३.१ असतो, म्हणजे निम्मी बॅटरी संपेपर्यंत काटा एकपंचमांश व्होल्टने हलतो. मोटर चालू करताच वायरमध्ये त्याहून अधिक व्होल्टेज पडतो. लेड-ॲसिडसाठी बनवलेले चार पट्ट्यांचे दर्शक तर शेवटच्या घटकेपर्यंत ‘पूर्ण’ दाखवतात.

यासाठी शंट असलेला बॅटरी मॉनिटर बसवावा. शंट म्हणजे ऋण टर्मिनलला जोडलेली, अचूक रेझिस्टन्स असलेली पट्टी. तिच्यातून गेलेला आणि आलेला प्रत्येक अँपिअर मोजला जातो. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर शंटकडे जाणारी एकच वायर असली पाहिजे. एखाद्या पंपाची वायर थेट टर्मिनलवर राहून गेली, तर त्या पंपाने खाल्लेली वीज मॉनिटरला दिसतच नाही आणि दिवसेंदिवस आकडा खोटा होत जातो. मॉनिटर बसवल्यावर त्याची मूळ लेड-ॲसिडची सेटिंगही बदलावी: चार्जिंगची कार्यक्षमता ९९ टक्के, प्यूकर्ट घातांक (मोठ्या प्रवाहाला क्षमता किती घटते ते सांगणारा आकडा) १.०५ आणि ‘पूर्ण भरली’ असे मानण्याचा व्होल्टेज चार्जरच्या कमाल व्होल्टेजपेक्षा किंचित कमी. एवढे करूनही हळूहळू चूक साचतेच. वर सांगितलेले पूर्ण चार्जिंग ती पुसून टाकते.

इंजिनच्या अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या वीजजनित्रावरून) थेट चार्ज केली तर काय होईल?

काही दिवस सगळे उत्तम चालेल आणि मग अल्टरनेटर जळेल. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की स्वतःच कमी प्रवाह घेऊ लागते, त्यामुळे साधा अल्टरनेटर थोडाच वेळ पूर्ण भाराने चालेल अशा बेताने बनवलेला असतो. लिथियम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने ती जवळजवळ भरेपर्यंत जेवढे मिळेल तेवढे घेत राहते. इंजिन मंद फिरत असताना, म्हणजे गळ ओढत हळू जाताना, अल्टरनेटरचा पंखाही मंद फिरतो. उष्णता सर्वाधिक आणि वारा सर्वात कमी, अशी ती अवस्था असते.

दुसरा धोका अधिक छुपा आहे. चार्जिंग जोरात चालू असताना बीएमएसने बॅटरी तोडली, तर अल्टरनेटरच्या कुंडलांतील ऊर्जेला जायला जागा राहत नाही आणि क्षणभर व्होल्टेज अनेक पटींनी उसळतो. त्या एका उसळीत अल्टरनेटरचे डायोड जळू शकतात. त्याच तारेवर असलेला सोनार आणि रेडिओही जाऊ शकतात.

सर्वात साधा व खात्रीचा उपाय म्हणजे इंजिनची लेड-ॲसिड बॅटरी तशीच ठेवून तिच्यावरून डीसी-डीसी चार्जरने लिथियम बॅटरी भरणे. हा चार्जर ठरावीक प्रवाहापलीकडे ओढत नाही, लिथियमला योग्य असा व्होल्टेज देतो आणि इंजिन बंद पडताच स्वतः थांबतो. शिवाय अल्टरनेटरच्या समोर लेड-ॲसिड बॅटरी कायम राहत असल्याने वरची उसळी तिच्यात शोषली जाते. चार्जरचा आकडा अल्टरनेटरच्या क्षमतेच्या निम्म्याहून जास्त नसावा. लहान आउटबोर्ड इंजिने जेमतेम ६ ते २० अँपिअर देतात, त्यातही मंद गतीला आणखी कमी. अशा इंजिनावर ट्रोलिंग बॅटरी भरण्याची अपेक्षा न ठेवता किनाऱ्यावरच्या चार्जिंगचाच हिशेब धरावा. मोठ्या बोटीवर तापमान-संवेदक असलेला बाह्य रेग्युलेटर बसवणे हा पर्याय आहे, पण ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

इंजिन सुरू करण्यासाठी लिथियम बॅटरी वापरावी का?

उत्पादकाने स्टार्टिंगसाठी म्हणून विकलेली आणि इंजिन कंपनीने मान्य केलेली नसेल तर वापरू नये. स्टार्टर मोटर क्षणभर शेकडो अँपिअर मागते आणि साध्या बॅटरीतील बीएमएस ते देत नाही. इंजिनसाठी लेड-ॲसिड आणि बाकी सगळ्यासाठी लिथियम ही विभागणी जुनाट वाटत असली, तरी वरच्या उत्तरात दिसल्याप्रमाणे ती अल्टरनेटरचेही रक्षण करते आणि बीएमएसने दगा दिला तरी किनारा गाठण्याची सोय ठेवते.

दोन किंवा तीन बॅटऱ्या एकत्र जोडताना काय पाहावे?

बॅटऱ्या एकाच बनावटीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वेळी घेतलेल्या असाव्यात. जोडण्यापूर्वी प्रत्येक बॅटरी स्वतंत्रपणे पूर्ण भरावी. सिरीजमध्ये, म्हणजे एकीचे धन टर्मिनल दुसरीच्या ऋण टर्मिनलला, जोडायच्या असतील तर बीएमएस त्यासाठी योग्य आहे का, हे आधी तपासावे. चार १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये चालतील असे प्रत्येक उत्पादक म्हणत नाही. सिरीजमधील एका बॅटरीच्या बीएमएसने तोडले की सगळी साखळी बंद पडते, म्हणून ३६ व्होल्टच्या मोटरीला तीन बॅटऱ्यांऐवजी एकच ३६ व्होल्टची बॅटरी घेणे आम्हाला अधिक पसंत आहे. तीन बॅटऱ्याच असतील तर तीन स्वतंत्र वाटा असलेला चार्जर घ्यावा. समांतर, म्हणजे धनला धन आणि ऋणला ऋण, जोडताना धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून काढावी, म्हणजे भार सर्वांवर सारखा वाटला जातो.

फ्यूज आणि वायरिंगमध्ये काही बदल करावा लागतो का?

होय, आणि खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे. शॉर्ट झाल्यास लिथियम बॅटरी काही हजार अँपिअर सोडू शकते. साधा फ्यूज अशा प्रवाहाने वितळतो खरा, पण वितळलेल्या टोकांमधून ठिणगीची कमान तशीच चालू राहू शकते. म्हणून मुख्य फ्यूज २०,००० अँपिअर तोडण्याची क्षमता असलेला क्लास-टी प्रकारचा असावा आणि तो धन टर्मिनलच्या शक्य तितका जवळ बसवावा. फ्यूजचा आकडा तारेच्या क्षमतेवरून ठरतो, उपकरणाच्या गरजेवरून नाही.

तारेच्या जाडीचे एक उदाहरण पाहू. बॅटरी मागे, मोटर पुढे आणि मधले अंतर ५ मीटर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबे होते. ५० अँपिअरला १६ चौरस मिलिमीटरच्या तारेत अर्ध्या व्होल्टहून थोडा अधिक व्होल्टेज पडतो, म्हणजे ४ टक्क्यांच्या वर. २५ चौरस मिलिमीटरच्या तारेत तो सुमारे एकतृतीयांश व्होल्टवर, ३ टक्क्यांच्या आत, येतो. तार कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची असावी.

जोडणी तपासण्याची उत्तम वेळ म्हणजे मोटर अर्धा तास चांगल्या वेगाने चालवल्यानंतरची. मुख्य स्विच बंद करून प्रत्येक लगच्या (तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीच्या) जवळ बोटांची पाठ न्यावी. एक लग इतरांपेक्षा गरम लागला, त्याच्यालगतचे प्लॅस्टिकचे आवरण पिवळट किंवा चमकदार झालेले दिसले, किंवा आवरणाखालून हिरवी भुकटी डोकावत असेल, तर तो लग कापून नवा दाबून बसवावा. नुसता आवळून भागत नाही. नटबोल्ट आवळताना उत्पादकाने दिलेला टॉर्क पाळावा. लगच्या वर नट यावा आणि लग थेट टर्मिनलच्या पृष्ठभागावर टेकावा. मध्ये पोलादी वॉशर घातला की नेमकी तीच जागा तापते.

बॅटरी कुठे बसवावी? आयपी-६७ असेल तर पाण्याची भीती नाही ना?

आयपी-६७ चा अर्थ एक मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास टिकणे एवढाच आहे. बिल्जमधील खारट पाण्यात हंगामभर टर्मिनल बुडालेले राहणे हे त्यात येत नाही. बॅटरी बिल्जच्या पातळीच्या वर, इंजिनच्या कप्प्याबाहेर आणि पेट्रोलच्या टाकीपासून दूर असावी. ती पट्ट्याने किंवा चौकटीने इतकी घट्ट बांधावी की लाटांवर आपटताना हलणार नाही. हलकी असल्यामुळे ती उसळते अधिक. दोन्ही टर्मिनलवर रबरी टोप्या हव्यातच, कारण उघड्या टर्मिनलवर पडलेला एक पाना पुरेसा असतो.

थंडी आणि उष्णता यांचे नियम काय आहेत?

शून्य अंश सेल्सिअसच्या खाली चार्ज करू नये. त्या तापमानाला लिथियम आत शिरण्याऐवजी ऋण इलेक्ट्रोडवर धातूच्या थराच्या रूपाने साचू लागते आणि ही हानी भरून निघत नाही. उणे तापमानात वीज वापरायला मात्र हरकत नसते. बहुतेक बॅटऱ्या उणे २० अंशांपर्यंत पुरवठा देतात. गारठलेल्या ठिकाणी आतच हीटर असलेली बॅटरी घ्यावी. उष्णतेच्या बाजूला ४५ अंशांच्या वर चार्जिंग टाळावे. दिवसभर उन्हात तापलेला फायबरचा बंद कप्पा ही मर्यादा सहज गाठतो, म्हणून बोट परतल्यावर झाकण उघडे ठेवावे, तासाभराने चार्जर लावावा.

सौर पॅनेलने चार्ज करता येईल का?

येईल. १०० वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात ५ अँपिअरच्या आसपास प्रवाह आणि दिवसाकाठी ३०० ते ४०० वॅट-तास देते. फिशफाइंडर, रेडिओ आणि दिव्यांना ते पुरते, ट्रोलिंग मोटरीला पुरत नाही. लिथियमची सेटिंग असलेला एमपीपीटी नियंत्रक (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून घेणारा) घ्यावा. जोडताना आधी बॅटरी आणि मग पॅनेल, काढताना उलटा क्रम, हे कटाक्षाने पाळावे.

मोटर चालू केली की सोनारवर रेघा का येतात?

मोटरीचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो आणि तो खडखडाट सामाईक तारांवरून सोनारपर्यंत पोहोचतो. सोनारला स्वतःची लहान बॅटरी द्यावी आणि त्याच्या तारा मोटरीच्या तारांपासून दूरच्या बाजूने न्याव्यात. बहुतेक वेळा एवढ्याने पडदा स्वच्छ होतो.

बॅटरीवर मीटर ० व्होल्ट दाखवतो. ती गेली का?

बहुधा नाही, बीएमएसने तोडल्यावर टर्मिनलवर व्होल्टेज दिसत नाही. आधी सर्व भार काढावा आणि काही मिनिटे थांबावे, कारण जास्त प्रवाहामुळे किंवा उष्णतेमुळे तोडले असेल तर अनेक बॅटऱ्या आपोआप परत येतात. बॅटरी उतरल्यामुळे बंद झाली असेल, तर तिला लिथियमसाठी जागे करण्याची सोय असलेला चार्जर लावावा. ती अनेक आठवडे याच अवस्थेत पडून असेल, किंवा जागी झाल्यावर व्होल्टेज ८ च्याही खाली दिसत असेल, तर मात्र जोर करू नये. फार खोल उतरलेल्या सेलमध्ये तांबे विरघळते, पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे साचते आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

हंगाम बंद असताना बॅटरी कशी ठेवावी?

५० टक्क्यांच्या आसपास आणून, सर्व तारा काढून, कोरड्या व थंड जागी ठेवावी. मुख्य स्विच बंद केल्याने भागत नाही, कारण बिल्ज पंपाचा संवेदक किंवा म्युझिक सिस्टिमची मेमरी बहुधा स्विचच्या अलीकडे जोडलेली असते. २० मिलिअँपिअर हा किरकोळ वाटणारा प्रवाह महिन्याला सुमारे १४ अँपिअर-तास खातो. ब्लूटूथ असलेला बीएमएसही स्वतःसाठी थोडी वीज घेतोच. दर तीन महिन्यांनी तपासून, कमी झाली असल्यास पुन्हा निम्म्यावर आणावी. चार्जर कायम लावून ठेवण्याची लेड-ॲसिडची सवय इथे सोडून द्यावी.

आग लागली तर काय करावे?

एलएफपी बॅटरी क्वचित पेटते, पण पेटत नाही असे नाही. पेटी फुगणे, गोडसर उग्र वास येणे, फसफसल्यासारखा आवाज किंवा पांढरट धूर ही आधीची लक्षणे आहेत. तो धूर वाफ नसतो; त्यात ज्वलनशील हायड्रोजन आणि विषारी वायू असतात. लक्षण दिसताच चार्जिंग आणि भार तोडावा, सर्वांना वारा येतो त्या बाजूला न्यावे, लाइफ जॅकेट घालावे आणि हातातल्या व्हीएचएफ रेडिओवरून कळवावे. पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक आजूबाजूची आग विझवतात, पण सेलच्या आत चाललेली प्रक्रिया थांबवत नाहीत. ती थांबवण्यासाठी पुष्कळ पाणी ओतून बॅटरी थंड करावी लागते. विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून किनाऱ्यावर आल्यावर ती उघड्यावर, इतर वस्तूंपासून दूर ठेवावी.

बॅटरी बदलण्याची वेळ झाली हे कसे ओळखावे?

वर्षातून एकदा पूर्ण भरून, ठरावीक भारावर बीएमएस तोडेपर्यंत उतरवावी आणि शंट मॉनिटरवर किती अँपिअर-तास निघाले ते लिहून ठेवावे. टोकापर्यंत उतरवण्याची मुभा या चाचणीपुरतीच, आणि ती किनाऱ्यावर करावी. मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या खाली आलेली बॅटरी मोटरीवरून काढून दिवे-रेडिओसारख्या हलक्या कामाला लावता येते. फुगलेली, पेटीला तडा गेलेली किंवा खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी मात्र क्षमता कितीही दाखवत असली तरी पुन्हा बोटीवर चढवू नये. तिची टर्मिनल चिकटपट्टीने झाकून ती लिथियम स्वीकारणाऱ्या पुनर्वापर केंद्राकडे द्यावी.